चार तुकड्यांचा ट्रॅव्हल रॉड-रील सेट: नागपुरातून नेऊन शीपहेड धरायला पुरेल का?

धरमपेठ, प्रतापनगर, मनीषनगर या भागांतून दरवर्षी पाच-सहा महिन्यांसाठी लेकाकडे नाहीतर लेकीकडे अमेरिकेला जाणारी काका मंडळी बरीच आहेत. इथे खिंडसीला किंवा कन्हानच्या काठी गळ टाकून बसायची सवय असलेल्यांचा प्रश्न ठरलेला असतो: तिकडे समुद्राच्या धक्क्यावर मासे धरायचे, तर सामान इथून न्यावं का? मुलगा फ्लोरिडा, टेक्सास किंवा साउथ कॅरोलायनाच्या किनाऱ्याजवळ राहत असेल तर काठावरून सहज हाताशी येणारा मासा म्हणजे शीपहेड. त्यासाठी बोट लागत नाही. लागतात ते पाण्यात उभे असलेले जुने खांब.

बाजारात सध्या तीन हजारांच्या आसपास मिळणारा ट्रॅव्हल सेट या कामासाठी तपासला. सात फुटी चार तुकड्यांचा रॉड, 3000 साइझचा स्पिनिंग रील, 100 मीटर ब्रेडेड (बारीक धागे विणून केलेली) दोरी, गळ-शिसं-रबरी माशांची प्लास्टिकची डबी आणि खांद्याला अडकवायची पिशवी, असा तो येतो. याच बनावटीचा माल चार-पाच वेगवेगळ्या नावांनी विकला जातो, म्हणून कंपनीच्या नावाला फारसा अर्थ नाही. थोडक्यात निकाल आधीच सांगून टाकतो: रॉड घेण्यासारखा, रील थोडी दुरुस्ती करून चालवून घेण्यासारखा, दोरी इथल्या तळ्यापुरती, आणि डबी कोणाच्या तरी नातवाला खेळायला द्यावी.

शीपहेडच्या तोंडात काय आहे हे कळल्याशिवाय या निकालाचं कारण कळणार नाही. राखाडी अंगावर पाच ते सात काळे उभे पट्टे, आणि ओठ बाजूला केले की माणसासारखे चौकोनी दात. समोरचे दात खरवडायला, आत दाढांच्या रांगा चुरडायला. खांबाला चिकटलेले बार्नेकल (तिथेच वाढणारे छोटे कवचाचे जीव), कालवं, छोटे खेकडे तो कवचासकट फोडून खातो. रोहू-कटल्यासारखं आमिष ओढून नेणं त्याच्या स्वभावात नाही. तो जागच्या जागी चावतो, कवच थुंकतो, मऊ भाग गिळतो, आणि वर रॉड धरलेल्या माणसाला पत्ताही लागत नाही. म्हणून या माशासाठी सामानाकडून दोनच गोष्टी हव्यात: हाताला बारीक हालचाल कळणं आणि दातांत न वाकणारा गळ. ताकद, लांब फेक, चकचकीत रंग हे सगळं त्यानंतर.

आता रॉड. जोडल्यावर 7 फूट, म्हणजे 213 सेंटिमीटर. चार तुकडे आणि सांध्यातला एकावर एक येणारा भाग धरून बंद लांबी सुमारे 57 सेंटिमीटर होते, त्यामुळे मधल्या आकाराच्या सुटकेसमध्ये आडवा सहज मावतो. मीडियम-हेवी (मध्यमपेक्षा ताठ), फेकायचं वजन 10 ते 40 ग्रॅम असं त्यावर छापलेलं आहे. ‘कार्बन’ असंही छापलेलं आहे, पण हातात घेतल्यावर आणि वाकवल्यावर त्यात काचेचा धागा बराच मिसळलेला दिसतो. या कामाला ते वाईट नाही. निव्वळ कार्बनचा स्वस्त रॉड खांबावर आपटला की तडकतो. हा आपटूनही टिकतो. टोकाचा तुकडा पुरेसा मऊ आहे आणि खालचे दोन तुकडे खांबापासून मासा ओढायला पुरेसे ताठ आहेत.

खोट आहे सांध्यांत. तीस-चाळीस वेळा फेकल्यावर वरून दुसरा सांधा किंचित फिरतो, गाइड (रॉडवरची, दोरी ज्यातून जाते ती कडी) एका रेषेत राहत नाहीत आणि फेकताना ‘टिक’ असा आवाज येतो. तसाच वापरत राहिला तर बाहेरचा तुकडा उभा चिरतो. उपाय घरात आहे: साधी पांढरी मेणबत्ती आत जाणाऱ्या टोकावर चार रेघा घासायची, बोटाने पसरवायची आणि तुकडा पाव वळण देत बसवायचा. तेल किंवा व्हॅसलिन लावू नका, त्याने सांधा आणखी सैल होतो. काढताना दोन्ही हात सांध्याच्या जवळ धरून सरळ ओढायचं. पिळलं की रंग आणि धागा दोन्ही उखडतात. आणि मे महिन्यात हा रॉड गाडीच्या डिकीत ठेवू नये. नागपूरच्या उन्हात बंद डिकीत गाइडचा गोंद आणि फोमची मूठ दोन्ही सुटायला लागतात.

विकत घेतानाच एक तपासणी करा. कापसाचा बोळा प्रत्येक गाइडच्या आतल्या कड्यातून फिरवा. कापसाचा धागा कुठे अडकला तर तिथे कड्याला चीर आहे आणि ब्रेडेड दोरी तिथेच कापली जाणार. टोकाचं कडं विशेष पाहा, पिशवीत दाबला गेला की पहिला मार तिथे बसतो. दुकानदार कंटाळला तरी हरकत नाही.

रीलवर ‘13+1 बेअरिंग’ असं मोठ्या अक्षरांत आहे. हा आकडा वाचून पैसे देऊ नयेत. स्वस्त रीलमध्ये बेअरिंगच्या संख्येपेक्षा ड्रॅगच्या, म्हणजे मासा जोरात ओढू लागला की दोरी ताणाखाली सोडणाऱ्या ब्रेकच्या, चकत्या कशा आहेत हे महत्त्वाचं. ड्रॅग तपासायला बादली पुरते. दोरी बादलीच्या कडीला बांधायची, बादलीत तीन लिटर पाणी भरायचं, म्हणजे बादलीसकट साडेतीन किलोच्या आसपास वजन होतं. ड्रॅग थोडा थोडा सैल करत बादली हळूच खाली सुटते का ते बघायचं. या रीलमध्ये ती हळूच सुटत नाही. आधी अडून बसते, मग एकदम धपकन जाते. मासा पहिला हिसका देतो तेव्हा ही अडणारी अर्धी सेकंद दोरी तोडते. कारण साधं आहे: आतल्या फेल्टच्या चकत्या कोरड्या येतात. वरची ड्रॅगची घुंडी पूर्ण उघडायची, तारेची कडी काढून चकत्या क्रमाने कागदावर ठेवायच्या, प्रत्येक फेल्टला ड्रॅग ग्रीसचा पातळ हात द्यायचा आणि त्याच क्रमाने परत बसवायच्या. त्यानंतर तीच बादली सरळ उतरते. शिलाई मशीनचं तेल मात्र चालत नाही. फेल्ट ते पिऊन बसतं आणि ड्रॅग घसरायला लागतो. रील ठेवून देताना ड्रॅग सैल करून ठेवा, नाहीतर चकत्या दबून पुन्हा चिकटतात.

डबीतल्या सामानाची परीक्षा स्वयंपाकघरात झाली. समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण 35 ग्रॅम मीठ असतं. तेवढं मीठ एका लिटरमध्ये विरघळवून काचेच्या बरणीत गळ, स्विव्हल (दोरीला पीळ पडू नये म्हणून लावायची फिरती कडी) आणि क्लिप रात्रभर ठेवल्या. सकाळी गळांवर तांबडे ठिपके, क्लिपा तर पूर्ण तांबूस. तळ्यासाठी हे गळ वर्षभर चालतील, खाऱ्या पाण्यात एका दिवसाचे. त्याहून मोठा दोष म्हणजे ते लांब दांडीचे आणि बारीक तारेचे आहेत. पक्कडीत टोक धरून जरा जोर दिला की वाक उघडतो. शीपहेडच्या दाढा पक्कडीपेक्षा सभ्य नसतात.

दोरीवर ‘30 पाउंड’ लिहिलंय. चार पदरी आहे, जाड आहे, रंग हाताला लागतो. गाठ मारून ओढली तर लिहिल्यापेक्षा बरीच आधी तुटते. इथे तिलापिया, मरळ यांच्यासाठी ठेवून द्या. तिकडे 20 पाउंडाची चांगल्या कंपनीची ब्रेडेड घ्या. बारीक असल्याने प्रवाहात तिचा फुगा कमी होतो आणि त्यामुळे शिसंही कमी लागतं. तंगूस (नायलॉनची एकपदरी दोरी) मुख्य दोरी म्हणून नको. ताणली की रबरासारखी लांबते, आणि ज्या माशाचा चावा मुळातच जाणवत नाही तो अजिबातच जाणवणार नाही. खांबाजवळच्या पाण्यात तंगुसाचं काम फक्त स्पूलवर, म्हणजे रीलच्या दोरी गुंडाळायच्या रिळावर: ब्रेडेडच्या खाली पाच-सहा मीटर गुंडाळायची, म्हणजे गुळगुळीत स्पूलवर ब्रेडेड सगळी एकत्र फिरत नाही. ही घसरण झाली की लोक ड्रॅग बिघडला समजून रील दुकानात परत घेऊन जातात.

मग वाचलेले पैसे लावायचे कशात? गळात. जाड तारेचा, आखूड दांडीचा, 1 नंबर किंवा 1/0. लक्षात ठेवा, 2 नंबरचा गळ 1 पेक्षा लहान आणि 1/0 हा 1 पेक्षा मोठा असतो. इथल्या दुकानांत या आकड्यांचा घोळ हमखास होतो. शीपहेडचं तोंड अंगाच्या मानाने लहान, म्हणून फार मोठा गळ घेऊन उपयोग नाही. शिवाय 25 पाउंडाची फ्लोरोकार्बन (गळाजवळ लावायची घट्ट, पारदर्शक दोरी), आणि मधून आरपार भोक असलेलं अंड्याच्या आकाराचं शिसं: पाऊण औंस, एक औंस, दीड औंस, प्रत्येकी चार-पाच. एक औंस म्हणजे 28 ग्रॅम. रॉडची मर्यादा 40 ग्रॅम आहे, त्यामुळे दीड औंसाचं शिसं फेकायचं नाही, खांबाशेजारी सरळ खाली सोडायचं.

जोडणी अशी. ब्रेडेडला दोन फूट फ्लोरोकार्बन डबल युनि गाठीने जोडा: ब्रेडेडच्या बाजूने आठ वेढे, फ्लोरोकार्बनच्या बाजूने पाच. आवळण्याआधी गाठ ओली करा, कोरडी आवळली की घासून तापते आणि तिथेच कमजोर होते. फ्लोरोकार्बनमध्ये शिसं ओवा आणि खाली थेट गळ बांधा. मध्ये स्विव्हल नाही, मणी नाही, क्लिप नाही. शिसं गळाच्या डोळ्यावर येऊन टेकतं. याचे दोन फायदे. एक, गळ आणि वजन एकाच जागी असल्याने मधली ढिली दोरी संपते आणि चावा सरळ हाताला येतो. दुसरा, गळ कालवांत अडकला तर दोरी किंचित सैल सोडून रॉडचं टोक झटपट हलवायचं. शिसं वरखाली होऊन गळाला हातोडीसारखे ठोके देतं आणि बहुतेक वेळा सोडवतं. ओढत बसलात तर अडकण घट्ट होते. खांबाशेजारी एका बैठकीत चार-पाच गळ गमावणं धरूनच चालायचं.

आमिष इथून न्यायचं नाही. तिथल्या बेटच्या दुकानात फिडलर खेकडे जिवंत मिळतात. नराची एक नांगी मोठी असते, ती मोडून टाकायची. मागच्या पायाच्या मुळाशी, कवचाच्या कोपऱ्यातून गळ घालायचा आणि टोक थोडं बाहेर ठेवायचं. टोक झाकलं तर दातांच्या भिंतीवरून गळ घसरून येतो. खेकडे पाण्याच्या बादलीत ठेवू नका, मरतात. ओलसर वर्तमानपत्र घातलेल्या डब्यात सावलीत ठेवा. ते न मिळाले तर ताज्या कोळंबीचा नखाएवढा तुकडा. अख्खी कोळंबी लावणं म्हणजे छोट्या माशांना जेवण घालणं.

नागपूरकराला खरी अडचण पाण्याची. आपल्या तळ्याची पातळी पावसाळ्यात चढते आणि उन्हाळ्यात उतरते. तिकडे ती काही तासांत. अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर दिवसात दोन भरत्या आणि दोन ओहोट्या, एकीपासून दुसरीपर्यंत साधारण सहा तास. फ्लोरिडाच्या पश्चिमोत्तर भागात, पेन्साकोलाकडे, बहुतेक दिवशी एकच भरती येते. साउथ कॅरोलायना-जॉर्जियाकडे पाणी पाच ते आठ फूट चढतं, मेक्सिकोच्या आखाताच्या बाजूला एक-दोन फूट. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ओढ जोराची असते आणि खांबाजवळ औंसभर शिसं टिकत नाही. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या कमी ओढीच्या दिवसांत तेच काम निम्म्या वजनात होतं. पहिल्यांदा जाणाऱ्याने भांगाचा दिवस निवडावा, आणि वेळ निवडावी ती भरती संपत आलेली किंवा ओहोटी नुकती सुरू झालेली. पाणी वर असताना खांबावरचे एरवी उघडे पडणारे बार्नेकल माशाच्या तोंडाशी येतात. पाणी पूर्ण थांबलं की चावा मंदावतो, आणि फार ओढ असली की आमिष खांबापासून दूर वाहतं. मध्येच जी तास-दीड तासाची खिडकी मिळते तीच कामाची.

नवा गुळगुळीत खांब सोडून द्या. जुना, कवचांनी जाडजूड झालेला, शक्यतो तिरप्या आधारांचा खांब पाहा. आमिष खांबापासून वीतभर अंतरावर सोडायचं. हातभर दूर गेलं तर ते नसल्यासारखंच. तळाला लागलं की फूट-दीड फूट वर घ्यायचं आणि दोरी ताठ ठेवून थांबायचं. पाच मिनिटं काही नाही झालं तर आणखी दोन फूट वर. मासे कोणत्या थरावर आहेत हे असंच शोधावं लागतं. फेब्रुवारी ते एप्रिल हा अंडी घालण्याचा काळ, तेव्हा फ्लोरिडात ते गटाने सापडतात. दिवाळीनंतर जाऊन एप्रिलला परतणाऱ्यांचं नशीब त्यामुळे बरं.

चावा म्हणजे बहुतेक वेळा धक्का नसतोच. कधी टकटक, कधी दोरी एकदम हलकी, कधी ओला स्पंज लागल्यासारखं जडपण. शंका आली की टोक हळू दोन-तीन इंच उचलायचं. शिशापेक्षा जास्त वजन लागलं तर मनगटाने छोटा, ताठ झटका. लग्नातल्या बँडवाल्यासारखी काठी आभाळाला लावली तर गळ कठीण टाळ्यावरून निसटतो. आणि इथेच या सेटचा रॉड आपली किंमत वसूल करतो: कन्हानच्या दगडी काठाशी गांडुळाचा बारीक तुकडा लावून तिलापियाच्या चोरट्या चाव्यावर तो पाहिला, तर ब्रेडेडवर जवळजवळ प्रत्येक स्पर्श हातात आला, तंगूस लावल्यावर निम्मे निसटले. सरावासाठीही हाच मार्ग ठीक आहे. पाणी मच्छीमार सोसायटीच्या ठेक्यात असेल तर आधी त्यांना विचारावं.

मासा लागला की तो खांबाच्या आत शिरतो. ड्रॅग अडीच-तीन किलोवर ठेवून पहिले पाच सेकंद दोरी न सोडता त्याला बाहेर काढायचं. पण धक्का पाण्यापासून पंधरा-वीस फूट वर असेल तर मासा रॉडने उचलू नका. तीन किलोची बादली या रॉडने उभी उचलून पाहिली तेव्हा वरून दुसरा सांधा करकरला, आणि रॉड उभा धरून दोरी जवळ ओढल्यावर सगळा भार टोकाच्या तुकड्यावर गेला. चार तुकड्यांचा कुठलाही रॉड इथेच मोडतो. दोरीला बांधून खाली सोडायची गोल जाळी धक्क्यावर शेजाऱ्याकडे असतेच, मागायला लाजू नये. पाठीवरचे काटे टोकदार असतात, ओल्या टॉवेलने धरा. साफ करायला सुरी धारदार हवी; बरगड्या जाड आहेत आणि अंगाच्या मानाने मांस कमी निघतं. निघतं ते मात्र पांढरं, घट्ट, आणि सावजी मसाल्यात फुटत नाही.

परवान्याबद्दल. फ्लोरिडात बाहेरच्या माणसाला खाऱ्या पाण्याचा परवाना तीन दिवसांचा 17 डॉलर, सात दिवसांचा 30, वर्षाचा 47. पासष्टीनंतरची सवलत तिथल्या रहिवाशांसाठी आहे, पाहुण्या आई-बाबांसाठी नाही. ज्या धक्क्याने स्वतःचा परवाना काढलेला असतो तिथे वेगळा लागत नाही, गेटवर विचारा. फ्लोरिडात शीपहेड तोंडापासून शेपटीच्या खाचेपर्यंत किमान 12 इंच हवा आणि दिवसाला माणशी 8. टेक्सासमध्ये किमान 15 इंच आणि 5. हे नियम बदलतात, म्हणून निघायच्या आठवड्यात त्या राज्याच्या साइटवर पाहून घ्या. खांब खरवडून बार्नेकल पाण्यात टाकण्याची युक्ती तिथे पुष्कळ लोक करतात, पण खांब खाजगी असेल तर मालकाला विचारल्याशिवाय नको.

सामान बांधताना रॉड, गळ, शिसं सगळं चेक-इनमध्ये. नागपूर-मुंबई तिकीट वेगळं काढलेलं असेल तर त्या टप्प्यावर बहुधा 15 किलोचीच मर्यादा असते, आणि शिसं आपल्या पापडांपेक्षा जड भरतं. ते तिकडेच घ्या. परतताना रॉड-रीलवर नळाचं गोडं पाणी हलकं सोडायचं, जोराचा फवारा नाही, कारण तो मीठ आत ढकलतो. रीलच्या दोरी फिरणाऱ्या चाकावर एक थेंब तेल, चार तुकडे वेगळे करून दिवसभर सावलीत वाळवायचे, मगच पिशवीत. ओले बंद केले तर नागपुरात पिशवी उघडेपर्यंत सांधे जाम होतात, आणि पिळून काढायच्या नादात वरून दुसराच पुन्हा तडकतो.